मानेचा तिरका स्नायू: ओळखायचा कसा, ताणायचा कुठल्या दिशेने

आरशासमोर चेहरा डावीकडे वळवा आणि डावा तळहात डाव्या जबड्याला लावून हलका विरोध करा. उजव्या कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळगीपर्यंत जो तिरका पट्टा उठतो, तो स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. खाली त्याची दोन मुळं असतात: एक दोरीसारखं, छातीच्या मधल्या हाडावर, दुसरं चपटं, कॉलरबोनच्या आतल्या टोकाकडे.

गोंधळ होतो तो दिशेचा. उजवा स्नायू आखडला की डोकं उजवीकडे कलतं, पण चेहरा डावीकडे वळतो. त्यामुळे नुसती मान बाजूला वाकवून ताण अर्धाच बसतो. उजव्यासाठी डोकं डावीकडे कलवा, हनुवटी उजवीकडे फिरवून किंचित वर करा आणि 20-30 सेकंद थांबा. उजवा हात खुर्चीच्या बैठकीखाली अडकवून ठेवा. खांदा वर आला की कॉलरबोनही उचललं जातं आणि ताण सुटतो.

चोळायचं असेल तर ज्या बाजूचा स्नायू चोळायचा, डोकं त्याच बाजूला कलवून तो सैल करा, चिमटीत धरून हळू दाबा. बोटं आत खुपसू नका. स्नायूच्या पुढच्या कडेखालीच डोक्याकडे रक्त नेणारी कॅरोटिड धमनी आहे. ती दाबली गेली तर नाडी मंदावून भोवळ येऊ शकते. ठोके लागले की बोटं लगेच काढा.