अशोकमामांचा वाढदिवस करायचाय? मग त्यांचा एकही पिक्चर लावू नका

४ जूनला अशोक सराफांचा वाढदिवस. त्या दिवशी ग्रुपवर काय होतं ते सगळ्यांना माहितीये, तेच चार सीन, तेच डायलॉग, तेच स्टिकर. आम्ही पण आमच्या बिल्डिंगमध्ये लागोपाठ दोन वर्षं तेच केलं, पार्किंगमध्ये पडदा बांधला, क्लिपा लावल्या, वडे मागवले. दुसऱ्या वर्षी गंमत अशी झाली की मामा तोंड उघडायच्या आधीच सगळं पब्लिक डायलॉग म्हणून मोकळं होत होतं आणि पोरं मागच्या ओळीत मोबाईलमध्ये घुसलेली. माझे सासरे, गिरगावात वाढलेले आणि मामांपेक्षा एखाद वर्षाने लहान, ते खुर्चीतून हळूच म्हणाले, "हा पोरगा असताना काय बघत होता, काय ऐकत होता ते दाखवा की कधीतरी, तो काय डायरेक्ट पडद्यावरच जन्मला काय?"

झालं, तिसऱ्या वर्षी तेच केलं आणि जमलं. तेव्हापासून चार जणांनी विचारलं कसं केलं म्हणून, तर लिहून टाकतो.

सगळ्यात आधी एक कागद घ्या आणि वयाचा हिशोब मांडा. हे केलं नाही तर तुमची पार्टी "जुना काळ" नावाच्या त्या एकाच खिचडीत जाते, म्हणजे कंदील, ग्रामोफोन, बेलबॉटम आणि दूरदर्शनचं बोधचिन्ह सगळं एकाच टेबलावर. मामांचा जन्म १९४७ चा, लहानपण दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीत. पाच वर्षांचा पोरगा ते अठरा वर्षांचा तरुण एवढाच तुकडा धरा, म्हणजे १९५२ ते १९६५. याच्या बाहेरचं काहीही आत घ्यायचं नाही, कितीही मोह झाला तरी. मुंबईत टीव्ही आला २ ऑक्टोबर १९७२ ला, तेव्हा मामा पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे टीव्ही बाद. वडापाव पण बाद! तो दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास सुरू झाला असं सांगतात, म्हणजे आपल्या हिशोबात एका वर्षाने हुकला. बटाटेवडा चालेल, पावात घालायचा नाही. यावरून आमच्याकडे खरंच भांडण झालं आणि ते भांडण हाच कार्यक्रमाचा पहिला आयटम ठरला, कारण त्यानंतर जो तो आपापल्या आठवणी काढून "हे तेव्हा होतं का?" विचारायला लागला.

मग त्या कागदावर तारखेसमोर मामांचं वय लिहा. आमचा कागद असा होता: डिसेंबर १९५२, बिनाका गीतमाला सुरू, वय ५. एप्रिल १९५५, पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू, वय ७. १ एप्रिल १९५७, आणे जाऊन नवे पैसे आले, वय ९. १ मे १९६०, महाराष्ट्र झाला, वय १२. ५ ऑगस्ट १९६०, मराठा मंदिरला मुघल-ए-आझम लागला, वय १३. ३१ मार्च १९६४, बोरीबंदरहून दादरला मुंबईची शेवटची ट्राम गेली, वय १६. तारखेपेक्षा वय मोठ्या अक्षरात लिहा, कारण आमच्या चौथीतल्या मुलांना १९५७ म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळासारखंच वाटतं, पण "तेव्हा तो तुझ्याएवढा होता" म्हटलं की कान टवकारतात.

आता पैसे. हा भाग मी नुसता सजावटीसाठी घेतला होता पण तोच सगळ्यात जास्त चालला. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, म्हणजे जुन्या रुपयात चौसष्ट पैसे. जाड पुठ्ठ्याची नाणी कापा: आणा, चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. दारातच प्रत्येक पोराला एक रुपयाची चिल्लर द्या आणि खाण्याच्या टेबलावर भाव आण्यात लिहा. अर्धा तास असंच चालू दे. मग मध्येच थाळी वाजवून जाहीर करा की आजपासून रुपयाचे शंभर नवे पैसे! सगळ्या पाट्या बदला. आता खरी मजा, चार आण्याचे पंचवीस बरोबर होतात, पण एका आण्याचे होतात सव्वासहा, आणि पाव पैसा आणायचा कुठून? सरकारी तक्त्यात आण्याचे सहा धरलेले, दोन आण्याचे बारा, तीन आण्याचे एकोणीस. आमच्या भेळेच्या टेबलावर बसलेल्या सहावीतल्या मुलीने दोन मिनिटांत ओळखलं की आणा आणा करून दिला तर तीन वेळचे अठरा होतात आणि एकदम दिले तर एकोणीस, आणि मग तिने गिऱ्हाईकांना एकदमच द्यायला लावलं. सासरे हसून हसून खोकायला लागले, म्हणे आमच्या नाक्यावरचा वाणी अगदी हेच करायचा.

खाण्याचं फार ताणू नका. कागदाच्या पुडीत भेळ, बटाटेवडा, इराण्याकडचा असतो तसा ब्रून मस्का, खारी, आणि चहा जरा जास्त उकळलेला. सोबत लालभडक रासबेरी सोडा, तो पोरांना बघूनच आवडतो. केक आणू नका असं मी म्हणणार नाही, पण आम्ही पाट मांडला, रांगोळी घातली, मामांचा फोटो ठेवून बिल्डिंगमधल्या सगळ्यात मोठ्या आजींनी ओवाळलं आणि शिरा वाटला. फोटोला हार मात्र घालू नका हां, माणूस हयात आहे! आमच्याकडे एक उत्साही गृहस्थ झेंडूचा हार घेऊन आलेच होते, जिन्यातच अडवला.

रेडिओचा भाग नीट करा, घाईघाईत उरकू नका. आधी पोरांना सांगा की रेडिओ ठेवायला लायसन लागायचं आणि त्याची फी पोस्टात भरायला लागायची, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मग गोष्ट सांगा की १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांना फिल्मी गाणी म्हणजे थिल्लरपणा वाटायचा, आकाशवाणीवरून ती जवळपास गायबच झाली, आणि लोकांनी काय केलं तर सुई फिरवून सरळ रेडिओ सिलोन लावलं. तिथे बिनाका गीतमालेत दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी "बहनों और भाइयों" म्हणायचे आणि गाण्यांच्या पायऱ्या चढत चढत वर जायचे. शेवटी सरकारने १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती काढली, म्हणजे हार मानली म्हणा ना.

खेळ असा घ्या. वर्षाच्या शेवटी पहिल्या पायरीवर कुठलं गाणं होतं ते ओळखायचं. १९५३ ला अनारकलीतलं "ये जिंदगी उसी की है", १९५५ ला "मेरा जूता है जापानी", १९५६ ला सीआयडीतलं "ऐ दिल है मुश्किल", १९५८ ला "है अपना दिल तो आवारा". गाण्याचे सुरुवातीचे दहा सेकंदच वाजवा, शब्द यायच्या आत बंद. एक टीप, आवाज स्वच्छ लावू नका. शॉर्टवेव्हवर आवाज लाटेसारखा यायचा जायचा, तर एकाला आवाजाच्या बटणावर बसवा आणि त्याला सांगा की वर खाली करत राहा. आम्ही स्पीकर भाड्याने आणला होता, तो तिसऱ्या गाण्याला स्वतःच खरखरून बंद पडला, आणि मागची दोन काका मंडळी टाळ्या वाजवून "अगदी अस्संच व्हायचं!" म्हणाली, त्यामुळे इज्जत वाचली. पुढची गाणी मोबाईल स्टीलच्या डब्यात ठेवून वाजवली.

सिनेमासाठी पडदा लागत नाही. लॅमिंग्टन रोडला तेव्हा थिएटरांची रांगच होती, आणि पिक्चरबरोबर मिळायची ती गाण्यांची पुस्तकं. पातळ रंगीत कागद, वर नटनटीचे चेहरे, आत गोष्ट आणि गाण्याचे शब्द. हे घरी करायला एकदम सोपं आहे: ए-फोर कागद दोनदा दुमडा, मधोमध एक पिन मारा, वरची घडी सुरीने कापा, आठ पानांचं पुस्तक तयार. गुलाबी नाहीतर पिवळा कागद घ्या, पांढऱ्यावर ते अजिबात तसं दिसत नाही. आत मुलांना मनाने पिक्चरची गोष्ट लिहू दे, फक्त एक नियम पाळायला लावा, शेवट सांगायचा नाही. खऱ्या पुस्तकात नायिका दरीच्या टोकाला उभी राहिली की गोष्ट थांबायची आणि खाली "पुढे काय झालं ते रुपेरी पडद्यावर पाहा". आमच्याकडे एका पोराने लिहिलं, "मग त्याला लिफ्टमध्ये भूत भेटलं आणि लाईट गेली, पुढचं पडद्यावर", आणि दिवसभर लोक त्याला विचारत होते बाबा रे लाईट आली का.

मराठी पिक्चरचं एखादं पान ठेवाच. १९५३ चा श्यामची आई, ज्याला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, तो सगळ्यांना माहिती असतो. पण विनोदी नटाचा वाढदिवस आहे तर १९५२ चा लाखाची गोष्ट घ्या आणि राजा गोसावींचा किस्सा सांगा. तो पिक्चर पुण्यात भानुविलासला लागला तेव्हा पडद्यावरचा हिरो म्हणजे खुद्द गोसावीच बुकिंगच्या खिडकीत तिकिटं विकत बसलेले असत, असं सांगतात. आणि पुढे आपले मामा स्टेट बँकेत नोकरी सांभाळून नाटकं करत होते. खिडकीमागे बसलेला माणूस दिवसभर लोकांचे नमुने बघत असतो, त्याचा फायदा होत असणारच, असं आपलं माझं मत.

१९६० साठी डफ घेऊन एक शाहिरीचा तुकडा ठेवा, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतले शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे यांचं नाव पोरांच्या कानावर पडू दे. पाच मिनिटं पुरे. जास्त वेळ दिला की मोठी माणसं आजच्या राजकारणावर येतात आणि मग वाढदिवस राहतो बाजूला.

आता शेवटचं आणि माझ्या मते मुख्य, नाटक. मामांचे मामा गोपीनाथ सावकार हे नाटकवाले, म्हणजे विंग, घंटा, रंगाचा वास हे या पोराने घरातल्यासारखंच बघितलेलं. पुढे शिरवाडकरांच्या ययाति आणि देवयानीत त्यांनी विदूषक केला, तिथून सगळी गाडी सुरू झाली. त्यामुळे आपण पण तीन घंटा द्यायच्या, धूप फिरवायचा, नारळ फोडायचा, आणि मग एकच खेळ. टायमिंगचा.

खेळ काय, तर वाक्य सगळ्यांना एकच: "अहो, तुमचा चहा... मांजराने प्यायला." प्रत्येकाने यायचं आणि चहाच्या नंतर आपल्याला वाटेल तेवढं थांबायचं. शब्द बदलायचे नाहीत, तोंड वाकडं करायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत. फक्त थांबायचं. हसू किती येतं यावर मार्क. मोठ्यांनी भराभर म्हणून टाकलं, कोणी हसलं नाही. मग आमच्या तळमजल्यावरचा एक नऊ वर्षांचा मुलगा आला, "अहो, तुमचा चहा" म्हणाला आणि थांबला. थांबलाच. आम्हाला वाटलं विसरला, विंगेतून प्रॉम्प्टर म्हणून बसवलेल्या त्याच्या आईने हळूच "मांजराने, मांजराने" सांगितलं, तर याने तिच्याकडे वळून बघितलं, परत आमच्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "...आईने प्यायला." अख्खं पार्किंग फुटलं. शब्द बदलले म्हणून नियमाने मार्क कापायला हवे होते, सासऱ्यांनी दहापैकी अकरा दिले.

थोडं व्यवस्थेचं. गच्चीवर ठेवू नका, ४ जूनला वळवाचा भरवसा नाही, आमची रंगीत पुस्तकं दोरीवर लावली होती ती एका सरीत गुलाबी पाणी गाळत बसली, मग सगळं पार्किंगमध्ये उतरवलं. मुलांच्या शाळा अजून उघडलेल्या नसतात त्यामुळे माणसं भरपूर मिळतात, नाणी कापायचं काम त्यांच्याकडेच द्या, आठवडाभर आधी. आणि सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला आदल्या दिवशी जाऊन सांगा की एक वस्तू घेऊन या. आमच्याकडे एक जुना चांदोबा आला, एक तांब्याचा बंब आला, आणि एका आजोबांनी पाकिटात इतकी वर्षं जपलेलं ट्रामचं तिकीट आणलं, ते हातात घ्यायला मात्र कोणालाच दिलं नाही.

हाच हिशोब कुठल्याही नटाला लागतो. जन्माच्या वर्षात पाच मिळवा, तिथून अठरापर्यंत. आता बिल्डिंगमधून लक्ष्याची फर्माईश आलीय, २६ ऑक्टोबर, जन्म १९५४, म्हणजे १९५९ ते १९७२. माधुरी म्हणाल तर १५ मे १९६७, म्हणजे १९७२ पासून, पाच वर्षांची होते तोच मुंबईत टीव्ही येतो, तिचं सगळं टेबलच वेगळं लागेल. आणि तिच्या वेळेला वडापाव चालतो, हे मी आत्ताच सांगून ठेवतो.