पहिल्या क्रूझला बाल्कनीची केबिन घेताय? आधी डेक प्लॅन बघा

आपण पुण्यात फ्लॅट बघताना वर टेरेस आहे का, खाली दुकानं आहेत का सगळं विचारतो, मग क्रूझची केबिन घेताना नुसतं "बाल्कनी आहे ना" एवढ्यावर पैसे का भरतो? केबिन कुठे आहे ते आधी बघा, बाल्कनी नंतर. प्रत्येक जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे मजल्यामजल्याचा (डेकचा) नकाशा, कंपनीच्या साइटवर असतो, तो उघडून बसा.

एसटीच्या शेवटच्या सीटवर बसून वरंध घाट उतरला असाल तर हे लगेच कळेल. जहाजाचंही तसंच, पुढचं आणि मागचं टोक जास्त वरखाली होतं, आणि जितकं वर जाल तितकं डोलणं जास्त जाणवतं, म्हणून ज्यांना गाडी लागते त्यांनी मधली आणि शक्य तितक्या खालच्या डेकवरची बाल्कनी घ्यावी, सगळ्यात वरची महाग असते म्हणून ती चांगली असं नाही. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर घेऊन फार उपयोग नाही.

मग केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. आमच्या पहिल्या वेळी एजंटने स्वस्त पडतं म्हणून गॅरंटी केबिन दिली, म्हणजे प्रकार ठरलेला पण नंबर कंपनी देणार, आणि आमच्या डोक्यावर आला स्विमिंग पूल! पहाटेपासून खुर्च्या ओढल्याचा आवाज, आईला झोप म्हणून नाही. तेव्हापासून मी थोडे जास्त पैसे गेले तरी नंबर स्वतः निवडते. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे झाकून घ्या. थिएटर, किचन, डिस्को जवळ नको. दोन केबिनच्या मधे दार असलेली कनेक्टिंग केबिन कुटुंबाला मस्त, पण पलीकडे अनोळखी लोक असतील तर सगळं बोलणं ऐकू येतं.

"ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू" लिहिलं असेल तर समोर बहुतेक लाइफबोट लटकत असणार, समुद्र अर्धाच.

बाजू कुठली घ्यायची? मुंबईहून गोव्याला जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे पश्चिम उजव्या हाताला. संध्याकाळी निघत असाल तर सूर्यास्त उजव्या बाजूने, म्हणजे स्टारबोर्डच्या बाल्कनीतून दिसतो आणि किनारा डावीकडे राहतो. येताना सगळं उलट.

लहान मुलं असतील तर बाल्कनीतली खुर्ची कठड्यापासून लांब, आणि दाराची वरची कडी कायम लावलेली, यात अजिबात ढिलाई नको. ओले टॉवेल कठड्यावर वाळत घालू नका, वाऱ्याने उडतात. बाल्कनीत सिगारेट बहुतेक जहाजांवर चालत नाही, घरात कोणी ओढणारं असेल तर बुकिंगच्या आधीच विचारून घ्या.