टाळू दुभंगलेल्या बाळाचे ऐकणे कसे सांभाळावे

टाळू (तोंडाच्या आतले छत) दुभंगलेले बाळ जन्मले की घरच्यांचे सारे लक्ष दूध पाजण्याकडे आणि शस्त्रक्रियेकडे लागते. कान मागे राहतात. कानांची तपासणी मात्र शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी कधीही थांबवू नये. मधल्या कानातून नाकामागे उतरणारी नळी उघडणारा स्नायू टाळूतच असतो. टाळू दुभंगलेली असली की त्याची पकड नीट बसत नाही, नळी पुरेशी उघडत नाही आणि कानाच्या पडद्यामागे द्रव साचून आवाज दबका ऐकू येतो. अशा बहुतेक सर्व बाळांमध्ये हे घडते. पण कान दुखत किंवा वाहत नसल्यामुळे अनेकदा कोणाच्या लक्षात येत नाही.

बाळाचा मेंदू साधारण सहा ते बारा महिन्यांत मातृभाषेतील ध्वनींमधला फरक अधिक बारकाईने ओळखू लागतो, आणि टाळू शिवली जाते ती बहुधा ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान. म्हणजे ध्वनी ओळखण्याचे हे महिने दबक्या आवाजातच जातात. त्यातही द्रव कमी-जास्त होत राहिल्यामुळे एकच शब्द कधी स्पष्ट, कधी अंधुक पोचतो आणि मेंदूला त्याची पक्की ओळख पटणे अवघड जाते. ऐकण्यात २० ते ३० डेसिबलची घट असलेले बाळ टाळीच्या आवाजाकडे वळते, पण ‘ताक’ आणि ‘ताट’ यांतील शेवटचे व्यंजन त्याला धड ऐकू येत नाही. म्हणून टाळी वाजवून केलेल्या घरगुती परीक्षेवर विसंबू नये.

जन्मानंतर लवकरात लवकर श्रवणतज्ज्ञांकडून बेरा चाचणी करून घ्यावी. ती बाळ झोपेत असताना होते आणि कानापासून मेंदूच्या खोडापर्यंत आवाज कसा पोचतो ते दाखवते. टिम्पॅनोमेट्रीचा (कानाचा पडदा किती हलतो ते मोजणाऱ्या चाचणीचा) आलेख सपाट आला, तर पडद्यामागे द्रव असण्याची शक्यता मोठी असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेली टाळू आणि श्रवणदोष या दोन्हींचा समावेश आहे, त्यामुळे जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी अवश्य करावी. द्रव टिकून राहिला, तर ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) बसवायचे की श्रवणयंत्र द्यायचे, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांशी बोलून ठरवावे.

घरात टीव्ही बंद करून, बाळाच्या समोर हातभर अंतरावर बसून, चेहरा दिसेल असे बोलावे. टाळू शिवल्यावरही तपासण्या चालू ठेवाव्यात, कारण द्रव पुन्हा साचू शकतो. शाळेत मूल गोंगाटात गोंधळत असेल, तर त्याला पुढच्या बाकावर बसवण्याची विनंती करावी, आणि श्रवणालेख चांगला आला तरी सातव्या वर्षानंतर श्रवणप्रक्रियेची, म्हणजे ऐकलेल्या आवाजाचा अर्थ मेंदू कसा लावतो याची, स्वतंत्र तपासणी मागावी.