परदेशात खासगी सुरक्षारक्षक नेमण्यापूर्वी

परदेशात खासगी सुरक्षा सेवा घेताना बहुतेक संस्था केवळ यजमान देशाचा परवाना तपासतात. परंतु सुरक्षा कंपनी जिथे नोंदलेली आहे, त्या देशाचा कायदाही तिच्या परदेशातील कामाला लागू होऊ शकतो. स्वित्झर्लंडमध्ये १ सप्टेंबर २०१५ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार तिथून परदेशात सुरक्षा सेवा देणाऱ्या कंपनीला काम सुरू करण्यापूर्वी परराष्ट्र खात्याकडे माहिती सादर करावी लागते, खासगी सुरक्षा सेवांच्या आंतरराष्ट्रीय आचारसंहितेत सामील व्हावे लागते आणि सशस्त्र संघर्षात थेट सहभाग घेण्यास तिला पूर्ण मनाई असते. म्हणून कंपनीकडून दोन्ही देशांतील कागदपत्रे मागावीत.

या आचारसंहितेच्या पालनावर देखरेख ठेवणाऱ्या जिनिव्हा येथील संघटनेचे सदस्यत्व कंपनी सांगते म्हणून गृहीत धरू नये. ते संघटनेच्या सदस्ययादीत स्वतः पडताळावे. सशस्त्र संघर्षाच्या काळात खासगी लष्करी व सुरक्षा कंपन्यांबाबत देशांची कर्तव्ये आणि चांगल्या पद्धती सांगणारा २००८ चा माँट्रो दस्तऐवज कायदेशीरदृष्ट्या बंधनकारक नसला, तरी निवड, प्रशिक्षण आणि उत्तरदायित्व यांविषयीच्या करारातील अटी ठरवताना तो फार उपयोगी पडतो.

शस्त्रांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. कंपनीचा परवाना आणि शस्त्र बाळगण्याचा परवाना या अनेक देशांत स्वतंत्र बाबी असतात, त्यामुळे प्रत्येक सशस्त्र रक्षकाची परवानगी वेगळी पाहावी. बळाचा वापर केवळ स्वसंरक्षणासाठी किंवा इतरांच्या जिवाच्या रक्षणासाठी, तोही आवश्यक तेवढाच, अशी अट करारात स्पष्ट शब्दांत असावी. उपकंत्राटदारालाही तीच बंधनकारक करावी, कारण जबाबदारी नेमकी तिथेच निसटते.