ईटिंग डिसऑर्डरमधून बाहेर येताना चिनी उपचारांची मदत कशी घ्यायची

आपल्या सोलापुरात ईटिंग डिसऑर्डर असं घरात कुणी म्हणत नाही, पोरगी उपास फार करते, डबा तसाच परत आणते, जेवली की लगेच बाथरूममध्ये जाते, एवढंच बोललं जातं आणि पोराच्या बाबतीत तर जिमचं खूळ म्हणून सोडूनच देतात. पण हा आजार आहे आणि जिवावर बेतू शकतो. हल्ली बरेच जण विचारतात की अॅक्युपंक्चर म्हणजे बारीक सुया टोचून करतात तो उपचार, चिनी औषधं वगैरेंनी यात फायदा होतो का. माझं मत स्पष्ट आहे, जेवणाच्या ताटाशेजारी ठेवायचा आधार म्हणून होतो, ताटाच्या जागी नाही.

म्हणून पहिली पायरी फिजिशियन आणि सायकियाट्रिस्ट. सारख्या उलट्या होत असतील किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतल्या जात असतील तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात, त्यामुळे रक्ततपासणी आणि ईसीजी आधी. चिनी वैद्य नाडी आणि जीभ बघून बरंच सांगतात पण पोटॅशियम काही नाडीत कळत नाही. आणि बरेच दिवस नीट न खाल्लेल्या माणसाला आजीने प्रेमाने एकदम भरपूर खाऊ घातलं तरी धोका असतो बरं का, रक्तातलं फॉस्फरस अचानक खाली जातं, म्हणून जेवण किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टर आणि आहारतज्ञच ठरवणार.

आता चिनी वैद्यक काय म्हणतं ते थोडक्यात. त्यांच्या मते पचनाचा भार प्लीहा आणि जठर या जोडीवर असतो, आणि सतत काळजी, तोच तोच विचार केला की प्लीहा थकते, राग आणि घुसमट दाबली की यकृताची ऊर्जा अडते आणि त्याचा त्रास पोटाला होतो. हे आधुनिक शरीरशास्त्र नाही, पण जेवण आणि मन एकत्र बघायची ही पद्धत पेशंटला पटते, कारण तिला आतून तसंच वाटत असतं.

घरी करण्यासारखं सगळ्यात सोपं म्हणजे अॅक्युप्रेशर. जेवणानंतरचा अर्धा तास सगळ्यात अवघड असतो, पोट गच्च वाटतं, मळमळतं, उठून बाथरूमकडे जावंसं वाटतं. तेव्हा तिच्याजवळ बसा. मनगटाच्या आतल्या बाजूला जी घडी असते तिथून कोपराकडे तीन बोटं मोजा, तिथे दोन दोऱ्यांसारखे कडक स्नायूबंध (टेंडन) लागतात, त्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबायचं, दुखेल इतकं नाही, हळूहळू गोल फिरवत दोन-तीन मिनिटं, मग दुसरा हात. या बिंदूला नेइग्वान म्हणतात, ऑपरेशननंतरची मळमळ कमी व्हायला त्याचा उपयोग होतो हे अभ्यासात दिसलंय. दुसरा बिंदू झुसानली, गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं आणि नडगीच्या हाडापासून बाहेर एक बोट. तिने स्वतःच दाबलं तर जास्त बरं, हात गुंततात आणि तो अर्धा तास निघून जातो. तोवर टीव्ही लावा, गड्ड्याच्या जत्रेच्या गप्पा मारा, काहीही, फक्त जेवणाबद्दल आणि अंगाबद्दल बोलू नका. ईटिंग डिसऑर्डरवर अॅक्युपंक्चरचे जे अभ्यास झालेत ते छोटे आहेत, त्यामुळे त्यातून मन थोडं शांत व्हावं एवढीच अपेक्षा ठेवा, आजार जाईल अशी नाही.

खाण्याबाबत चिनी लोक आजारी माणसाला भाताची पातळ पेज देतात, वर आलं, खजुरासारखी लाल बोरं. आपल्याकडे गुरगुट्या भात तूप घालून तेच काम करतो. पण पेजेवरच थांबायचं नाही, आहारतज्ञाने सांगितलेली भाकरी, शेंगाचटणी, दूध हे सगळं आलंच पाहिजे. आणि मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती पथ्याच्या यादीची. थंड नको, कच्चं नको, तेलकट नको, गोड नको, दूध नको असं चिनी वैद्यकात पुष्कळ सांगतात. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, पण जिच्या डोक्यात आधीच नको नकोची यादी आहे तिच्या हातात तुम्ही अजून एक यादी देताय, तीही औषधाच्या नावाने. म्हणून उपचार करणाऱ्याला आधीच सांगा, पथ्य अजिबात नको.

काढे, चूर्णं, चहा यात खरी गडबड आहे. स्लिमिंग टी म्हणून जे विकतात त्यात बऱ्याचदा सोनामुखी असते, काही चिनी काढ्यांत रेवाचिनी, दोन्ही जुलाब आणणारे. ज्येष्ठमध आपल्याला साधा वाटतो आणि चिनी काढ्यांत तो सर्रास असतो, पण रोज जास्त घेतला तर पोटॅशियम कमी करतो, म्हणजे उलट्या होणाऱ्या पेशंटला दुहेरी फटका. माहुआंग म्हणजे एफेड्रा, भूक मारतो आणि हृदयावर ताण आणतो, अमेरिकेत २००४ साली त्याच्या सप्लिमेंट्सवर बंदी आली. बेल्जियममध्ये तर १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करायच्या औषधात चुकीची चिनी वनस्पती मिसळली गेली आणि शंभरएक बायकांच्या किडन्या खराब झाल्या. तेव्हा डॉक्टरांना पुडी दाखवल्याशिवाय काहीच पोटात घ्यायचं नाही, ऑनलाइन मागवलेलं तर नाहीच.

अॅक्युपंक्चरवाला शोधताना महाराष्ट्र अॅक्युपंक्चर कौन्सिलची नोंदणी आहे का विचारा, सुया नवीन आणि एकदाच वापरायच्या असाव्यात. दारावर वेटलॉसचा बोर्ड असेल तर तिथे नेऊच नका, कितीही नाव असू दे. वजन करणार नाही, कानावर भूक कमी करायचे दाणे चिकटवणार नाही, हे आधी कबूल करून घ्या. उपाशीपोटी सुया लावल्या तर भोवळ येऊ शकते, म्हणून खाऊनच जायचं, आणि फार अशक्तपणा असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी. घरचे लोक चिनी म्हटलं की नाक मुरडतात, त्यांना सांगा की आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले त्याच पथकातले डॉ. बिजॉय कुमार बसू पुढे तिकडून अॅक्युपंक्चर शिकून आले आणि कोलकात्यात ते सुरू केलं.

अजून एक, लग्नकार्यात मावश्या-काकवा विचारणारच, काय गं जेवायलीस की नाही, किती वाळलीस, नाहीतर आता कशी छान भरलीस. दोन्ही वाक्यं तिला टोचतात, आईने आधीच फोन करून सांगून ठेवावं. चक्कर, छातीत धडधड, पायावर सूज, उलटीत रक्त यातलं काहीही दिसलं तर सगळे बिंदू आणि काढे सोडून थेट हॉस्पिटल. रात्री-अपरात्री बोलायला कुणी नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.