पाच मिनिटांत एक वाइन: ब्लॉगर्सच्या परिषदेत कसं निभवायचं

अमेरिकेतली वाइन ब्लॉगर्स परिषद २००८ साली कॅलिफोर्नियातल्या सोनोमात सुरू झाली; २०१९ पासून तिचं नाव वाइन मीडिया परिषद झालं. तिथली खरी कसोटी म्हणजे लाइव्ह सत्र, म्हणजे वाइन चाखता चाखता तिच्याबद्दल ऑनलाइन लिहायचं: सुमारे ५० मिनिटांत १० वाइन. पोटभर खाऊनच जा.

ग्लासात ३० मिली पुरे. बाटली समोर आली की आधी लेबलचा फोटो. साल, द्राक्षाची जात, किंमत नंतर आठवत नाही. मग वास, एक घोट आणि थेट थुंकदाणीत. लाजू नका, सगळेच थुंकतात. गिळत बसलात तर सहाव्या वाइनपासून नोंदी 'छान', 'मस्त' एवढ्यावरच येतात. रेड वाइनचे शिंतोडे उडतात, म्हणून कपडे गडद. अत्तर अजिबात नको, शेजाऱ्याच्याही नाकाची वाट लागते. हॉलमधल्या वायफायवर विसंबू नका. आधी वहीत लिहा, पोस्ट सावकाश टाका.