संविधान वाचायचंय? कलम १५ उघडा

संविधान वाचायला घेतलं की बहुतेकांचं एकच होतं. उद्देशिका ठसक्यात वाचून होते, पहिली चार कलमं कशीबशी ओलांडली जातात आणि नागरिकत्वापाशी गाडी अडते. म्हणून आमच्या अभ्यासवर्गात नवीन आलेल्यांना मी सरळ कलम १५ उघडायला लावते.

शासनाने काढलेली मराठी प्रत घ्या, आणि तळटिपांसकट घ्या. टिपा गाळलेली प्रत या कामाला निरुपयोगी.

पहिल्या वाचनात प्रत्येक खंडापाशी एवढंच विचारा: हे बंधन कुणावर? १५(१) राज्यसंस्थेला बजावतं, की केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही. १५(२) मात्र तुमच्याआमच्यावरही आहे. तिथे दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादीच दिली आहे. ती वाचताना १९२७ चं महाड आठवलं नाही तर नवल! चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा नगरपालिकेचा ठराव आधीच झाला होता, तरी पाण्याला हात लावू देत नव्हते.

मग पेन्सिल घ्या आणि तळटिपांमधली सालं समासात मांडा. १९५० साली या कलमाला तीनच खंड होते. मद्रासमधलं महाविद्यालयीन प्रवेशांचं जातवार जागावाटप सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवलं आणि १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आरक्षणासारख्या विशेष तरतुदींना वाट देणारा खंड (४) आला. खंड (५) ९३व्या दुरुस्तीचा, (६) २०१९ मधल्या १०३व्या दुरुस्तीचा. आरक्षणावर तावातावाने बोलणाऱ्यांपैकी किती जणांनी हा समास भरलाय, ही मला नेहमीची शंका.

यानंतर संविधान सभेतली चर्चा काढा. संसदेच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. २९ नोव्हेंबर १९४८ चा दिवस बघा. ‘दुकान’ म्हणजे नेमकं काय, धोबी, न्हावी, डॉक्टर, वकील त्यात येतात का, असा प्रश्न सभागृहात निघाला. डॉ. आंबेडकरांनी अर्थ ऐसपैस ठेवला: मागेल त्याला सेवा द्यायला जो बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. या उत्तराची किंमत कळायला २०११ चा ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल वाचावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने त्याच उत्तराचा आधार घेऊन खासगी शिक्षणसंस्थांनाही १५(२) लागू होतं असं म्हटलं. सभागृहातलं एक उत्तर साठ वर्षांनी असं कामी आलं. निकाल लांबलचक आहे. १५(२) चा भाग शोधून तेवढाच वाचलात तरी चालेल.

ही रीत जमली की कलम १७ घ्या. अस्पृश्यता नष्ट झाल्याचं ते सांगतं, पण शिक्षा किती ते लिहीत नाही. त्यासाठी कलम ३५ बघा, आणि तिथून १९५५ च्या कायद्याकडे जा. आज तो नागरी हक्क संरक्षण अधिनियम या नावाने सापडेल.